पुष्पकाचें इंजिन

जुन्नर आणि आंबेगांव ह्या दोन तालुक्यांत मिळून एकहि विमानतळ नाहीं. किल्ले आहेत, लेणीं आहेत, धरणें आहेत. खोडदला ताऱ्यांचे रेडिओ-तरंग टिपणाऱ्या प्रचंड थाळ्या आहेत. परंतु विमान पाहावयाचें तर येथल्या माणसाला मान वर करूनच पाहावें लागतें. पूर्वेकडून मुंबईस उतरावयाला निघालेलीं कित्येक विमानें आमच्या डोक्यावरून जातात, आणि रात्रीं नाणेघाटाच्या बाजूला त्यांचे दिवे एकामागून एक दिसेनासे होतात.

एक विमान मात्र येथपर्यंत आलें आणि पुढें गेलें नाहीं. ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असतां आलितालिया कंपनीचें डीसी-८ जातीचें एक जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलें. चौकशीच्या कागदांत त्या जागेचें नांव 'दवंड्याची टेकडी' असें येतें. सिडनीहून निघालेलें तें विमान बँकॉकवरून मुंबईस येत होतें व पुढें रोमला जावयाचें होतें. आंत ९४ माणसें होतीं. त्यांपैकीं एकहि वांचलें नाहीं. मुंबई अजून दूर असतां ती जवळ आली अशी वैमानिकाची समजूत झाली आणि काळोखांत त्यानें विमान वेळेपूर्वीं खालीं आणलें, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. म्हणजे चूक यंत्राची नव्हती, हिशेबाची होती. आणखी थोडी उंची असती तर तें त्या माथ्यावरून सुखरूप निघून गेलें असतें.

ह्या हकीकतीनें आरंभ करण्यास कारण आहे. मी ज्याविषयीं लिहीत आहें तो विषय ऐकून शहरांतल्या माझ्या स्नेह्यांना हंसूं येतें. एका जुन्या, लहानशा विमानाचें इंजिन बदलावयाचें आहे आणि त्याची सरकारी परवानगी अद्याप मिळालेली नाहीं, एवढें ऐकतांच ते आपापल्या नळजोडणीच्या आणि सातबाराच्या कथा सांगूं लागतात. जुन्नरकडच्या म्हाताऱ्या माणसांना हाच विषय सांगितला तर ते हंसत नाहींत. "पडलं तर कोणाच्या अंगावर?" एवढेंच ते विचारतात.

माझा एक जुना विद्यार्थी आंबेगांव तालुक्यांत शेती करतो. वर्गांत तो मागच्या बांकावर बसत असे, आणि त्याच्या वहींत कवितांच्या शेजारीं विमानांचीं चित्रें असत. कॉलेजांत असतांनाच तो हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जाऊं लागला. पुढें त्यानें वैमानिकाचा परवाना मिळविला. आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध नोकरी न धरतां घरच्या कांद्या-बटाट्यांत परत आला. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें एका लिलावांत एक 'पुष्पक' विमान विकत घेतलें. पंख सोडविलेले, चाकांतील हवा गेलेली, अंगावरचें कापड जागोजाग फाटलेलें, अशा स्थितींत तें दोन ट्रकांतून आलें आणि कांद्याच्या रिकाम्या बराखींत ठेवण्यांत आलें. मीं तें प्रथम पाहिलें त्या दिवशीं त्याच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याखालीं एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. त्याची आई मला म्हणाली, "सर, तुमचं ऐकतो तो, कांहीं तरी सांगा त्याला." मीं कांहींच सांगितलें नाहीं. सांगावयाचें होतें ते तिला ऐकावयाचें नव्हतें.

पुष्पक हें नांव रामायणांतलें असलें तरी विमान बंगलोरचें. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत तें तयार झालें आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजीं प्रथम उडालें. दोन माणसें शेजारीं शेजारीं बसतील एवढी जागा, डोक्यावर पंख, आणि नाकांत अमेरिकेच्या काँटिनेंटल कंपनीचें नव्वद अश्वशक्तीचें इंजिन. 'एरोंका चीफ' ह्या अमेरिकन विमानाशीं त्याचें नातें फार जवळचें आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. पहिलीवहिली विमानें सर्वच देशांनीं शेजाऱ्याच्या पाटीवर बघून काढलीं आहेत. असलीं दीडशेंच्या आसपास विमानें निघालीं, आणि देशांतल्या फ्लाइंग क्लबांतून वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीचा हात त्यांवर बसला. ज्या कारखान्यांत तें झालें तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं उभा केला होता. त्याच्या आराखडा-विभागाची धुरा ज्यांच्याकडे होती ते विष्णु माधव घाटगे कोल्हापूरच्या भागांत जन्मलेले, जर्मनींत ग्योटिंगेन येथें लुडविग प्रांट्ल ह्या थोर आचार्यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविलेले गृहस्थ होते. तेव्हां कांद्याच्या बराखींतल्या त्या सांगाड्यावर आपलाहि थोडासा हक्क पोंचतो, असें मला पहिल्या दिवसापासून वाटत आलें आहे. त्या मायेंत पडलों नसतों तर पुढच्या पत्रव्यवहारांत पडलों नसतों.

अडचण इंजिनाची होती. लिलावांत आलेलें मूळ इंजिन आंतून गंजलेलें निघालें. त्याचे भाग अमेरिकेहून मागवावे लागतात, आणि त्याला लागणारें विमानी पेट्रोल आपल्याकडे वाटेल तेथें मिळत नाहीं. उलट ऑस्ट्रियांत होणारें रोटॅक्स ९१२ नांवाचें नवें इंजिन हलकें, काटकसरी, शंभर अश्वशक्तीचें, आणि जगभर लहान विमानांत हजारोंनीं बसविलेलें. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, जीपचं इंजिन बदलतात तसं बदलूं. पत्रं तेवढीं तुम्ही लिहा. तुमचं इंग्रजी सरकारला समजेल."

जीपचा दाखला देण्यांत त्याचें फारसें चुकलें नव्हतें. भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट ह्या वाटांवर चालणाऱ्या जुन्या जीपांचें आयुष्य त्यांच्या इंजिनांपेक्षां मोठें असे. पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसवावयाचें, तें थकलें कीं अपघातांत सांपडलेल्या दुसऱ्या कोणाच्या गाडीचें आणावयाचें, आणि वरचा पत्रा, नंबर व देवाची तसबीर तेवढी कायम ठेवावयाची, असा तो संप्रदाय होता. तेथें कायदा नव्हता असें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहेच. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीच्या दाखल्यांतला तपशील विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येणार नाहीं. परंतु जीप घाटांत बंद पडली तर चाकाखालीं दगड लावतां येतो. दोन हजार फुटांवर दगड कोठून आणावयाचा?

पत्र लिहावयाचें म्हणून मीं नियम वाचावयास घेतले. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला सरकारी नियमांची भाषा म्हणजे शिक्षाच. तरीहि चार दिवस नेटानें वाचल्यावर त्या भाषेच्या आड एक विचार आहे, आणि तो चांगला रेखीव आहे, असें माझ्या लक्षांत आलें. विमानाला जी पहिली मान्यता मिळते ती त्या एका विमानाला मिळत नाहीं, त्याच्या जातीला मिळते. 'टाइप सर्टिफिकेट' म्हणतात तें हेंच. पंख केवढे, वजन किती, इंजिन कोणतें, त्याचे मिनिटाचे फेरे किती, पुढचा पंखा म्हणजे प्रॉपेलर कोणता, गुरुत्वमध्य कोठून कोठपर्यंत सरकला तर चालेल, हें सारें त्यांत नोंदलेलें असतें. पुढें कारखान्यांतून निघणारें प्रत्येक विमान त्या वर्णनाशीं जुळतें अशी ग्वाही द्यावयाची आणि मग त्याला स्वतःचें उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र मिळावयाचें. इंजिन हें त्या वर्णनांतलें एक वाक्य होय. तें बदललें कीं हातांतलें विमान कागदाच्या दृष्टीनें पुष्पक उरत नाहीं. पुष्पकासारखें दिसणारें, कोणीहि न तपासलेलें तें एक निराळेंच विमान होतें. अशा वेळीं सगळा तपास मुळापासून करावा लागूं नये म्हणून एक मधला मार्ग ठेवलेला आहे, तो पुरवणी प्रमाणपत्राचा: मूळ मान्यता तशीच ठेवून, एवढा एक बदल आणि त्याचे सर्व परिणाम तपासून, तेवढ्यापुरती दिलेली जोड-मान्यता. सुरक्षिततेवर परिणाम करील असा कोणताहि बदल नकाशांसह मंजूर करून घेतल्याशिवाय करूं नये, हें सूत्र १९३७ च्या नियमांनीं घालून दिलें. ज्या कायद्याखालीं ते नियम झाले तो १९३४ चा कायदा आतां गेला आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ त्याच्या जागीं आला. नांव संस्कृत झालें. प्रश्न तेच राहिले.

'त्याचे सर्व परिणाम' हे तीन शब्द मीं पहिल्यानें सहज वाचले आणि पुढें गेलों. त्यांत काय भरलें आहे तें माझ्या विद्यार्थ्यानेंच मला एका रात्रीं कंदिलासारख्या मंद दिव्याखालीं, बराखींत बसून, समजावून दिलें. आणि समजावून देतां देतां त्याच्या स्वतःच्या उत्साहाला प्रथमच ओहोटी लागलेली मीं पाहिली.

जुन्या काँटिनेंटल इंजिनाचें नुसतें कोरडें वजन ऐंशी किलोंच्या पलीकडे जातें. रोटॅक्सचें साठांच्या आसपास. वरवर पाहतां हा लाभच. परंतु ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्याला ह्यांतली मेख सांगावी लागत नाहीं. गाडींत माल पुढें जास्त झाला तर ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागें जास्त झाला तर उलाळ होते आणि जूं वर उचलूं लागतें. नाकांतलें ओझें कमी झालेलें विमान असेंच उलाळ होतें. त्याचें नाक वर जावयास पाहतें, वेग मंदावतो, पंखांवरचा वारा सुटतो, आणि सुटल्यावर नाक पुन्हां खालीं आणून वेग धरण्याची जी सोय नीट तोललेल्या विमानांत असते ती राहत नाहीं. उपाय सोपा दिसतो: हलकें इंजिन थोडें पुढें सरकवून बसवावें, म्हणजे लांब दांड्यावरचें थोडें वजन आंखूड दांड्यावरच्या जास्त वजनाची बरोबरी करील. पण इंजिन पुढें गेलें कीं नाक लांबलें. नाक लांबलें कीं बाजूनें येणाऱ्या वाऱ्याला पुढें जास्त जागा मिळाली, आणि वातकुक्कुटाप्रमाणें विमान वाऱ्याकडे तोंड करून सरळ राहतें तें ज्या शेपटीच्या उभ्या फळीच्या बळावर, ती फळी आतां अपुरी पडूं लागली. फळी मोठी करावी तर शेपटीकडचें वजन वाढलें, आणि आपण जेथून निघालों तेथें परत आलों. इंजिनाची बैठक नवी, म्हणून तिला धरणाऱ्या नळ्यांचें बळ नव्यानें मोजावयाचें. जुन्या इंजिनाला वारा थंड करीत असे. नव्याला थोडें पाणीहि लागतें, तेव्हां त्याची टांकी आणि नळ्या आल्या. जुन्याचा दांडा थेट प्रॉपेलरला जोडलेला व त्याचे मिनिटाला फार तर २,४७५ फेरे. नवें इंजिन ५,८०० फेरे घेतें आणि दांतेरी चाकांनीं ते उतरवून प्रॉपेलरला चोविसशेंच्या आंत देतें. म्हणजे प्रॉपेलर निराळा, कंप निराळा, आणि कोणत्या फेऱ्यांना कोणती नळी थरथरूं लागेल ह्याचा तपास निराळा.

इंधनाची गोष्ट तर आमच्याच शिवारांतून निघाली. हें नवें इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालतें, हेंच तर त्याचें मोठें आकर्षण. पण त्याचा उत्पादक दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असें लिहून देतो. आणि २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलांत तें वीस टक्क्यांवर गेलें. तें इथेनॉल कांहीं अंशानें उसाचें. "आपल्याच उसानं माझं विमान खालीं बसवलं, सर," असें तो म्हणाला. आणि बराखीच्या मागें त्याचाच ऊस उभा होता, हें आम्हां दोघांनाहि एकदमच आठवलें.

आणखी एक बारकी गोष्ट त्यानें सांगितली ती मला सर्वांत अधिक आवडली. ब्रिटनमध्यें चिपमंक नांवाचें जुनें शिकाऊ विमान आहे. त्याचें मूळ जिप्सी मेजर इंजिन काढून कित्येक ग्लायडिंग क्लबांनीं अमेरिकन लायकमिंग इंजिन रीतसर परवानगीनें बसविलें. जिप्सीचा प्रॉपेलर ज्या दिशेनें फिरतो तिच्या उलट दिशेनें लायकमिंगचा फिरतो. त्यामुळें धांवपट्टीवर सुटतांना जुनें विमान एका अंगाला ओढे, तें नवें दुसऱ्या अंगाला ओढूं लागलें. आणि वैमानिकाच्या पायाला लागलेली वर्षांची संवय अगदीं ऐन वेळीं चुकीची ठरूं लागली. इंजिन बदललें तर माणसाचा पायहि बदलावा लागतो! कागदावर हा परिणाम कोणत्या रकान्यांत लिहावयाचा?

हें सगळें ऐकत असतां मला माझ्या व्यवसायांतली गोष्ट आठवत होती. जुनी पोथी संपादणारा मनुष्य एक शब्द बदलतो, तेव्हां त्याला वाटतें, एकच शब्द बदलला. पण मात्रा हलते, यमक हलतें, पुढच्या ओवींतलें सर्वनाम कोणाकडे बोट दाखवितें तें हलतें. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अनेक प्रती जुळवून. आणि तींत स्वतःची ओवी कोणीं घालूं नये म्हणून पुढच्यांना निक्षून बजावलें. ते स्वतः केवढे कवी! त्यांना एखादी ओवी सुधारतां आली नसती असें कोण म्हणेल? तरी त्यांनीं हात आंखडला, कारण ज्ञानदेवांच्या नांवानें जें पुढें चालणार त्याची जबाबदारी आपण घेत आहों, ही जाणीव त्यांना होती. विमानखात्याचे नियम वाचतांना पैठणच्या नाथांची आठवण होणें हा माझ्या वयाचा परिणाम असेल. पण ती झाली खरी.

ह्याची दुसरी बाजू मीं विद्यार्थ्यापुढें मांडली नाहीं; त्यानेंच माझ्यापुढें मांडली. "मग जुनीं विमानं मरूंच द्यायचीं का?" असें तो म्हणाला. "सर, आपला तालुका आंबेगांव. आंबेगांव कुठं आहे? डिंभ्याच्या धरणांत. गांव पाण्याखालीं गेलं, कचेरी घोडेगांवला, बाजार मंचरला. तरी तालुका आंबेगांवच ना? तिथं नांव चालतं आणि माझ्या पुष्पकाला चालत नाहीं?"

ह्याला उत्तर देणें सोपें नाहीं. त्याच्या बाजूनें मी आणखीहि दाखले देऊं शकतों. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून मुंबईस पहिली टपाल आणली ती पस मॉथ विमानांतून. पन्नास वर्षांनीं, १९८२ त, वयाच्या ७८ व्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास पुन्हां केला तो लेपर्ड मॉथमधून; आणि त्यामुळें स्मरणाला उणेपणा आला असें कोणी म्हटल्याचें मला ठाऊक नाहीं. खुद्द घाटगे ह्यांचेंच उदाहरण घ्या. त्यांनीं आखलेलें एचटी-२ हें शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्यें प्रथम उडालें तें जिप्सी मेजर इंजिनावर. त्याचा दुसरा नमुना झाला तो सिरस मेजर इंजिनाचा, आणि पुढें हवाई दलांत शेंकडों मुलें ज्या विमानावर शिकलीं तें ह्या दुसऱ्या इंजिनाचें. तेव्हां इंजिन बदलणें हें पाप नाहीं. पण तेथें बदलणारा हात आणि आखणारा हात एकच होता. इंजिनाची बैठक कोठें किती बळाची आहे हें त्यांना कोणाला विचारावें लागलें नाहीं. आमच्या बराखींत बदलणारा हात आहे. आखणारा हात १९९१ सालींच गेला.

माझ्या समजुतीप्रमाणें सगळ्या प्रकरणाचा कांटा येथें आहे. कचेरी जें विचारते त्याचा अर्थ 'हें इंजिन चालेल का?' असा नाहीं. तें चालेल हें तिलाहि ठाऊक आहे. 'इंजिनासह हें जें नवें विमान तुम्हीं केलें, त्याचा सर्व हिशेब आपण मांडला आहे असें कोण सही करून सांगतो?' असा तिचा प्रश्न आहे. विमान विकत घेतल्यानें ती सही करण्याचा अधिकार येत नाहीं. उत्तम मेकॅनिक असल्यानेंहि येत नाहीं. आराखड्याची जबाबदारी घेऊं शकणारी मान्यताप्राप्त संस्था लागते, किंवा ज्याच्या नांवावर त्या जातीचें प्रमाणपत्र आहे त्या मूळ उत्पादकाचा हात लागतो. एका जुन्या विमानासाठीं हा खटाटोप करावयाचा म्हणजे नव्या विमानाची किंमत मोजावयाची. हा प्रश्न न्याय्य आहे असें मी मानतों. जुन्नरचा म्हातारा जें एका वाक्यांत विचारतो तेंच तो सत्तर पानांत विचारतो.

मात्र तो ज्या रीतीनें विचारला जातो ती रीत न्याय्य आहे, असें मी म्हणणार नाहीं. आमच्या पहिल्या पत्राला एका कचेरीकडून उत्तर आलें तें अकरा महिन्यांनीं. आणि त्यांत जो कागद जोडलेला नाहीं म्हणून आक्षेप होता तो त्या उत्तराच्या मागेंच टांचलेला परत आला होता. दुसऱ्या पत्राचें उत्तर तिसऱ्याच विमानाविषयीं होतें. अशा वेळीं माणसाचा समज होतो कीं, समोर प्रश्नच नाहीं, केवळ भिंत आहे. आणि मग तो खऱ्या प्रश्नालाहि भिंतच समजूं लागतो. माझ्या विद्यार्थ्याचें तसें होऊं लागलें होतें. गुरुत्वमध्याचें गणित त्याला माझ्यापेक्षां शतपट अधिक कळतें. तरी 'फायलीवर वजन ठेवलं कीं होईल' असें तो एकदां बोलून गेला. त्या दिवशीं मीं त्याला घरीं चहा न घेतां परत पाठविलें.

मुंबईच्या अमोल यादव ह्यांची कथा त्याच्या टेबलावर कात्रणांच्या रूपानें पडलेली असते. ह्या वैमानिकानें कांदिवलीच्या चारकोप भागांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें, नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची नोंदणी झाली, आणि उड्डाणाचा परवाना मिळाला तो ऑक्टोबर २०१९ मध्यें. वृत्तपत्रांनीं ही गोष्ट एका माणसाचा कचेरीशीं लढा म्हणून सांगितली, आणि ती तशी आहेच. मला तींत दुसरेंहि कांहीं दिसतें. यादवांच्या विमानाला जात नव्हती. कोणत्याहि पुस्तकांत त्याचें वर्णन नव्हतें. म्हणून त्यांना सगळें सिद्ध करावें लागलें, पण कोणाचें वर्णन मोडावें लागलें नाहीं. आमच्या पुष्पकाची अडचण उलटी आहे. त्याला घराणें आहे, नांव आहे, आणि त्या नांवानें उडावयाचें तर घराण्याची रीत सांभाळली पाहिजे.

गेल्या दिवाळींत ह्या विचारानें एक वळण घेतलें. काँटिनेंटल कंपनीचेंच ओ-२०० हें शंभर अश्वशक्तीचें इंजिन जुन्या नव्वदाच्याच घराण्यांतलें आहे. पोटांतली जागा तेवढीच, २०१ घन इंच. फेरे २,४७५ च्या जागीं २,७५० घेऊं दिल्यानें दहा अश्वशक्ति वाढलेली. प्रॉपेलरशीं जोड थेट, थंडावा वाऱ्याचा, वजनांत फरक थोडका. त्याला पाणी नको, दांतेरी चाकें नकोत, लांब नाक नको. पोथीच्या भाषेंत सांगावयाचें तर हा परका शब्द नव्हे, त्याच हस्तलिखित-परंपरेंतला जवळचा पाठ आहे. परवानगी त्यालाहि लागेलच, पण परिणामांची यादी सत्तर पानांवरून पंधरांवर येण्यासारखी आहे. माझ्या विद्यार्थ्याला हें प्रथम मुळींच रुचलें नाहीं. विमानी पेट्रोलची अडचण तशीच राहते, इंजिनाची घडण १९५० च्या आसपासची, खर्च नव्याइतकाच. "सर, एवढं करून पुन्हां जुनंच?" असें तो म्हणाला. आठ दिवस फिरकला नाहीं. नवव्या दिवशीं आला तो ओ-२०० च्या बैठकीचा नकाशा घेऊन, आणि त्याच्यावर पेन्सिलीनें आंकडे मांडलेले होते.

तूर्त आम्ही तिसऱ्या पत्राच्या मसुद्यावर आहों, आणि त्याच्या आधीं विमानाचें रिकामें वजन करावयाचें आहे. प्रत्येक हिशेब तेथून सुरू होतो, आणि लिलावाच्या कागदांतला आंकडा कोणत्या सालचा आहे हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पंख जोडून, विमान उडतांना जसें समपातळींत असतें तसें शेपटीकडून उचलून धरून, दोन चाकांखालीं दोन आणि शेपटीखालीं एक असे तीन कांटे एकाच वेळीं वाचावयाचे असतात. मंचरच्या बाजारांत कांदा मोजणारा कांटा आणूं, त्याच्यावर वैधमापनाचा शिक्का आहे, असें त्याच्या वडिलांनीं सुचविलें. तें चालणार नाहीं. कांटे कधीं व कोणत्या मापाशीं ताडून पाहिले ह्याचा दाखला जोडावा लागतो. तसे कांटे पुण्याहून भाड्यानें येणार आहेत. वारा लागूं नये म्हणून वजन बराखींतच करावयाचें ठरलें आहे, आणि त्यासाठीं तिची एक भिंत काढावी लागेल. तिच्याविषयीं घरांत बोलणीं चालू आहेत. शेपटीखालीं ठेवावयाला गांवच्या सुताराकडून लांकडी घोडी करून घेतली आहे. तिचें वजन आधीं वेगळें करून ठेव आणि मागाहून त्या आंकड्यांतून वजा करावयास विसरूं नकोस, एवढें मीं त्याला दोनदां बजावलें आहे.